वहिवाटीची वाट आणि लोखंडी फाटक : खानदेशातील एका वाढत्या वसाहतीच्या सुरक्षिततेचे प्रकरण

खानदेशातील एका शहराच्या कडेला, महामार्ग आणि हद्दवाढीत शहरात आलेले एक जुने गावठाण यांच्या मधल्या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या वसाहतीचे हे प्रकरण आहे. वसाहतीचे, शहराचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही, कारण वाद अजून पुरता मिटलेला नाही आणि नावे आली की चर्चा मुद्दा सोडून माणसांवर घसरते. घरफोड्या थांबाव्यात म्हणून या वसाहतीने गावठाणातून शेतांकडे आणि महामार्गाकडे जाणारी जुनी वहिवाटीची वाट लोखंडी फाटक लावून बंद केली. फाटक लागल्यावरही घरफोड्या थांबल्या नाहीत, वसाहतीची मागची बाजू मात्र पूर्वीपेक्षा निर्जन झाली, आणि बऱ्याच वादानंतर फाटक काढून त्याच वाटेवर दिवे लावण्याचा निर्णय झाला. वसाहतीच्या नागरिक समितीच्या बैठकांची टिपणे ठेवण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे म्हणणे मला समोरासमोर ऐकता आले.

वसाहत कशी उभी राहिली

धुळ्याची जुनी पेठ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कॅप्टन ब्रिग्जच्या कारकिर्दीत आखून वसवली गेली आणि तिथल्या सरळ गल्ल्या आजही क्रमांकांनी ओळखल्या जातात. तिथे आधी रस्ता पडला आणि मग घर उभे राहिले. आज खानदेशातील शहरांच्या कडेला हा क्रम उलटा झाला आहे. धुळ्यात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग एकमेकांना भेटतात, जळगाव शहराच्या मधूनच जुना सहा क्रमांकाचा महामार्ग जातो आणि भुसावळ रेल्वेच्या मोठ्या जंक्शनमुळे वाढले. अशा रस्त्या-रुळांच्या कडेची कोरडवाहू शेते गेल्या काही दशकांत गटागटाने बिनशेती होत गेली. मूळ मालक जमीन विकासकाला देतो, विकासक अभिन्यास (प्लॉट-रस्त्यांचा आराखडा, म्हणजे लेआउट) मंजूर करून घेतो, प्लॉट पाडतो, मुरमाचे रस्ते ओढतो, चार खांब उभे करतो आणि प्लॉट विकून पुढच्या गटाकडे वळतो. घरे मात्र दहा-पंधरा वर्षे बांधली जात राहतात, आणि त्या सगळ्या काळात रस्ता, दिवा, गटार आणि मोकळी जागा नेमकी कोणाची हा प्रश्न अधांतरी राहतो.

प्रस्तुत वसाहतीत हेच घडले. अभिन्यास मंजूर झाला तेव्हा ही जमीन ग्रामपंचायतीच्या हद्दीत होती. पुढे हद्दवाढ झाली, ग्रामपंचायत विसर्जित झाली आणि दप्तर पालिकेकडे गेले. विकासकाने रस्ते आणि खांब रीतसर हस्तांतरित केल्याचा कागद कोणाकडेच सापडला नाही, त्यामुळे पथदिव्याचा दिवा बदलायचा म्हटला तरी पालिकेच्या विद्युत विभागाकडून 'ताबा झालेला नाही' असे उत्तर मिळायचे आणि महावितरणकडून 'खांब आमचा, दिवा पालिकेचा' असे. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर होती. दिवा मात्र बंदच होता.

वसाहतीचे दोन भाग आहेत. महामार्गालगतचा भाग मंजूर अभिन्यासाचा आहे. त्यात शिक्षक, एसटी आणि रेल्वेतले निवृत्त कर्मचारी, बँकेतली मंडळी आणि मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडून आलेले शेतकरी राहतात. गावठाणाला लागून असलेला मागचा भाग गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांचा आहे, त्याचा अभिन्यास कधी मंजूर झालाच नाही. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी महाराष्ट्रात २००१ सालचा गुंठेवारी अधिनियम आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवलेली आहे. पण त्यासाठी शुल्क भरावे लागते, मोजणी करावी लागते, आणि रोजंदारीवर पोट असलेल्या घरांना हे जमलेले नाही. या दोन भागांच्या मधून गावठाणातली वाट जाते. तिने पहाटे दूधवाले येतात, शेतमजूर बाया शेतात जातात, गावठाणातली मुले शाळेला जातात आणि संध्याकाळी सगळे परततात. वसाहत नव्हती तेव्हाही ही वाट होती.

आखाजीची घरफोडी

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण आहे. सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, आणि नेमकी त्याच सुमारास शाळांना सुट्टी लागते, लग्नसराई असते. त्यामुळे नोकरदारांच्या वसाहतीत अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात एकेका गल्लीत निम्म्या घरांना कुलूप दिसते. श्रावणात कानबाईच्या वेळीही असेच होते, कारण कानबाई ही भाऊबंदांनी मिळून पुजायची देवता आहे आणि शहरात स्थायिक झालेली कुटुंबेही रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, मूळ गावी जातात. हे चोरांनाही ठाऊक असते. कुलपांचा आठवडा कोणता, हे कळायला कॅलेंडर पुरते.

त्या वर्षी आखाजीच्या दोन दिवसांत तीन बंद घरे फुटली. तिन्ही ठिकाणी कडीकोयंडा तोडून आत शिरल्याचे दिसले, कपाटे उचकटली होती, आणि एका घरातून लेकीच्या लग्नासाठी जमवलेले सोने गेले. तिन्ही घरे मागच्या बाजूची, वाटेकडे पाठ असलेली होती. पंचनामा झाला, ठसेतज्ज्ञ आले, श्वान महामार्गापर्यंत गेले आणि तिथे घुटमळले. अज्ञात चोरट्यांविरुद्ध गुन्हा नोंदला गेला. आज भारतीय न्याय संहितेत घरफोडीसाठी कलम ३३१ आणि राहत्या घरातील चोरीसाठी कलम ३०५ आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार तक्रार इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. बाहेरगावी असलेल्या घरमालकासाठी ही तरतूद मोलाची आहे, कारण पहिल्या दोन दिवसांत नोंद झाली नाही तर पुरावा पुसला जातो आणि शेजारी घर झाडूनही ठेवतात.

आठवडाभरात दुसरी घटना घडली. सकाळी फिरायला गेलेल्या एका सेवानिवृत्त शिक्षिकेची पोत मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी ओढली. त्या पडल्या, मनगट मोडले. ही घटना वाटेवरची नव्हती, महामार्गाच्या कडेची होती. पण वसाहतीच्या बैठकीत दोन्ही घटना एकाच वाक्यात बोलल्या जाऊ लागल्या आणि त्या वाक्यात वाट आली. 'या वाटेनं कोणीही येतं, कोणीही जातं,' असे एक काका म्हणाले आणि सगळ्यांना ते पटले. भेदरलेल्या माणसाला धोक्याला एक ठिकाण हवे असते, आणि वाट समोर दिसत होती.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट झाली, ती मी मुद्दाम येथे नोंदवतो, कारण टिपणात ती तशीच आहे. मोकळ्या जागेवर पाल ठोकून राहणाऱ्या भटक्या कुटुंबांवर आणि बांधकामावर राहणाऱ्या सातपुड्यातल्या पावरा आदिवासी मजुरांवर संशय घेतला गेला, आणि पालांवर पोलिसांनी रात्री छापा घालावा अशी मागणी झाली. संशयाला आधार एकच होता, की ते इथले नाहीत. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले होते, १९५२ मध्ये तो रद्द झाला, तरी वसाहतीच्या बैठकीत त्याची भाषा अजून जिवंत आहे, हे फार वेदनादायक आहे. पोलिसांनी चौकशी केली. पालांचा या गुन्ह्यांशी कसलाही संबंध आढळला नाही. पण चौकशीनंतर तीन-चार दिवसांतच पाले उठली, आणि वसाहतीला त्यात आपला विजय वाटला.

फाटक

वर्गणी झाली. वाटेच्या तोंडाशी दोन खांब उभे राहिले, लोखंडी फाटक लागले, दोन्ही बाजूंना भिंत घातली, फाटकाला रात्री नऊ ते सकाळी सहा कुलूप असेल असे ठरले. पुढे किल्ली सांभाळायला माणूस मिळेना म्हणून ते दिवसाही बंद राहू लागले. सोबत चार कॅमेरे बसवले गेले.

कॅमेऱ्यांबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण अशा प्रत्येक वसाहतीत पहिला खर्च त्यांच्यावरच होतो. ते इतक्या उंच खांबांवर लावले होते की माणसाच्या डोक्याचा वरचा भाग दिसे, चेहरा दिसत नसे. रात्री गाडीचा दिवा समोर आला की पडद्यावर फक्त पांढरा गोळा उरायचा आणि नंबरपाटी वाचता येत नसे. रेकॉर्डिंगचा डबा ज्यांच्या घरात ठेवला त्यांच्याकडे वीज गेली की कॅमेरे बंद पडायचे, आणि डब्यातली जागा भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जायचे, हे चोरी झाल्यावर कळले. कॅमेरा घटना टिपतो, ती थांबवत नाही. तपासात त्याचा उपयोग व्हायचा असेल तर तो माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीच्या जवळ, वळणावर, जिथे गाडी मंदावते तिथे असावा लागतो, त्याला बॅटरीचा आधार लागतो, आणि महिन्यातून एकदा कोणीतरी बसून रेकॉर्डिंग नीट होते आहे का हे पाहावे लागते. हे काम कोणाचे, हे वर्गणी गोळा करताना ठरले नव्हते.

फाटकाचा परिणाम पहिल्या पावसाळ्यात दिसू लागला. गावठाणातल्या मुलांना शाळेत जायला आता महामार्गाच्या कडेने लांबचा वळसा घालावा लागत होता, आणि त्या पट्ट्यात जोडरस्ता नाही, अवजड गाड्या अंगाला घासून जातात. शेतमजूर बाया पहाटेच्या अंधारात तिथूनच चालू लागल्या. जळगावच्या नागरिकांनी शहरातून जाणाऱ्या महामार्गाला समांतर रस्ते मिळावेत म्हणून केलेली आंदोलने ज्यांना आठवतात, त्यांना अशा पट्ट्यातून पायी जाणे काय असते हे वेगळे सांगायला नको.

वसाहतीतही बदल झाला. वाटेने येणारे दूधवाले पुढच्या रस्त्याने येऊ लागले, भाजीवाल्या मावशींनी मागच्या गल्ल्या सोडल्या, संध्याकाळी वाटेच्या कट्ट्यावर बसणारे गावठाणातले म्हातारे दिसेनासे झाले. मागच्या दोन गल्ल्यांत सूर्य मावळल्यावर माणूस दिसेना. आणि कानबाईच्या रविवारी त्याच गल्लीत आणखी एक घर फुटले. फाटकाचे कुलूप जसेच्या तसे होते. चोर मोकळ्या जागेतल्या बाभळींमधून कंपाउंडवरून आला होता.

रात्रीची फेरी

या घरफोडीनंतर बीट हवालदारांनी समितीला एक साधी गोष्ट सुचवली : बैठकीत बसून भांडण्यापेक्षा रात्री एकदा सगळे मिळून फिरा. समितीचे चार जण, हवालदार आणि गावठाणातले दोन जण अशी फेरी निघाली. माझ्या मते या प्रकरणाचा सगळा उलगडा त्या फेरीत झाला, म्हणून ती तपशिलाने सांगतो.

मागच्या गल्लीत सहा खांब होते आणि एक दिवा चालू होता. त्या दिव्याखाली उभे राहिले की पलीकडचा काळोख आणखीच गडद वाटत होता. हवालदार म्हणाले की एकटा दिवा चोराला सोयीचा असतो, कारण दिव्याखालच्या माणसाला अंधारातला दिसत नाही आणि अंधारातल्याला दिव्याखालचा स्पष्ट दिसतो. मोकळ्या जागेवर वेडी बाभूळ माणसाच्या उंचीच्या वर गेली होती, तिच्यात आतपर्यंत एक पायवाट पडलेली होती आणि वाटेच्या शेवटी दारूच्या बाटल्या होत्या. ही जागा अभिन्यासातली 'ओपन स्पेस' होती. आज लागू असलेल्या २०२० च्या एकीकृत विकास नियमावलीत ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या अभिन्यासात दहा टक्के क्षेत्र करमणुकीसाठी मोकळे ठेवावे लागते, ते भूखंडधारकांच्या सामायिक वापराचे असते आणि त्यावर इमारत उभी करून ती विकता येत नाही. नियम चांगला आहे. पण मोकळे ठेवलेले क्षेत्र सांभाळणार कोण याचे उत्तर कोणी दिले नाही, तर दहा टक्के जागा दहा वर्षांत बाभळीची होते.

तिसरी गोष्ट आवाजाची होती. मे महिन्यात खानदेशात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. पूर्वी लोक गच्चीवर, अंगणात खाटा टाकून झोपत. कुत्रे भुंकले तरी चार जण उठून बसत. आता दारे-खिडक्या बंद करून कूलर लावला जातो आणि त्याच्या घरघरीत शेजारच्या घराचे दार उचकटल्याचा आवाज येत नाही. हवालदारांनी एका घरात कूलर चालू ठेवून शेजारच्या कंपाउंडच्या फाटकावर लाकूड आपटून दाखवले. आत बसलेल्यांना ते ऐकू आले नाही.

चौथी गोष्ट गावठाणातल्या एका बाईंनी सांगितली. त्या फेरीत सामील नव्हत्या, ओट्यावर बसल्या होत्या. समितीतल्या एकाने त्यांना विचारले, की मावशी, इथे चोर येताना कधी दिसले का? त्या म्हणाल्या, 'भाऊ, वाटवर दिवा नही, मानूस बी नही. मंग चोरले कसानं भेव?' (मग चोराला कशाची भीती?) आणि मग त्यांनी विचारले की पाणी सुटते त्या रात्री कधी चोरी झाली आहे का. कोणालाच तशी एकही आठवेना. हद्दवाढीच्या भागात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते आणि पुष्कळदा रात्री अकरा-बारानंतर. त्या रात्री मोटारी चालू असतात, बाया पाइप लावत असतात, अख्खी गल्ली जागी असते. या निरीक्षणाला मी पुरावा म्हणणार नाही, चार-पाच घटनांवरून तसे म्हणता येत नाही. पण समितीतल्या माणसांचे मन वळले ते यानेच.

बांधकामावरच्या मजुरांबद्दलही त्याच रात्री उलगडा झाला. ज्या गल्लीत घरे बांधली जात होती त्या गल्लीत घरफोडी झालेली नव्हती. अर्धवट घरात सिमेंट आणि सळई राखायला एक पावरा कुटुंब राहत असे, त्यांची चूल रात्री उशिरापर्यंत पेटलेली असे, अनोळखी माणूस आला की त्यांचा कुत्रा अंगावर जाई. घर पूर्ण झाले, वास्तुशांत झाली, ते कुटुंब दुसऱ्या कामावर गेले आणि गल्ली ओकीबोकी झाली. ज्यांच्यावर संशय घेतला तीच माणसे वसाहतीची रात्रीची राखण विनामोबदला करत होती.

वाटाघाट

गावठाणाने तोवर तहसीलदारांकडे जाण्याची तयारी केली होती. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली शेतीकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्यावरचा अडथळा काढण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. मुदत संपत आली होती. दावा झाला असता तर स्थळपाहणी, पंचनामा, जबाब, वरच्या कार्यालयात फेरतपासणीचे अर्ज असा प्रवास सुरू झाला असता आणि त्या काळात दोन वस्त्या एकमेकींच्या विरुद्ध बाजूंना उभ्या राहिल्या असत्या. वाट कोणाची हा प्रश्न सोपा होता आणि त्याचे उत्तर वसाहतीच्या विरुद्ध जाणार हे तिथल्या वकिलांनाही ठाऊक होते. खरा प्रश्न वाट सुरक्षित कशी करायची हा होता आणि तो तहसीलदार सोडवू शकत नव्हते.

समितीत फूट होती. ज्यांचे सोने गेले होते त्या कुटुंबाचा फाटक काढायला ठाम विरोध होता, आणि त्यांचे दुःख खोटे नव्हते. त्या घरातल्या ताई बैठकीत एवढेच म्हणाल्या, की तुम्ही दिवे लावाल, पण ते बंद पडले की माझ्या दाराशी कोण येईल? त्यांच्या या प्रश्नाने बैठकीला कामाला लावले. फाटक काढण्यापूर्वी दिवे लागले पाहिजेत आणि दिव्यांची जबाबदारी लेखी ठरली पाहिजे, ही अट त्यांच्यामुळे आली. ती अट घातली नसती तर फाटक निघाले असते आणि अंधार तसाच राहिला असता, असे मला आजही वाटते.

दिव्यांसाठी ताब्याचा कागद लागत होता. विकासकाला गाठून त्याच्याकडून रस्ते आणि खांब पालिकेकडे सोपवत असल्याचे पत्र घेतले. माहिती अधिकारात ग्रामपंचायतीचे जुने दप्तर मागवले, त्यात अभिन्यासाच्या मंजुरीची प्रत मिळाली, आणि त्या प्रतीवर मोकळी जागा आणि वाट दोन्ही स्पष्ट दाखवलेल्या होत्या. म्हणजे ज्या कागदावर वसाहत उभी होती त्याच कागदावर वाटही होती. हा नकाशा बैठकीत भिंतीला लावला, तेव्हा 'ही वाट बेकायदा आहे' असे म्हणणारे काका उठून जवळ गेले, चष्मा पुसून बराच वेळ पाहत उभे राहिले आणि परत येऊन बसले. पुढे त्यांनीच पालिकेत सर्वांत जास्त हेलपाटे घातले.

पालिकेने एलईडी दिवे बसवले. बाभूळ जेसीबीने मुळासकट काढली, कारण नुसती छाटली की ती पुढच्या पावसाळ्यात दुप्पट होते. मोकळ्या जागेला उंच भिंत घालायची नाही, आरपार दिसेल असे बुटके तारेचे कुंपण घालायचे, असे ठरले. उंच भिंतीआड काय चालते हे बाहेरून दिसत नाही आणि आतून पळणाऱ्याला ती आडोसाच देते. गावठाणातल्या मुलांना खेळायला मैदान नव्हते, तिथे त्यांचा व्हॉलीबॉल सुरू झाला आणि संध्याकाळी सात-आठपर्यंत मागच्या गल्लीत पुन्हा आवाज येऊ लागला. मग फाटक काढले. त्याचे लोखंड विकून आलेले पैसे कोणाला द्यायचे यावर एक बैठक वाया गेली, ते येथे सांगण्यासारखे नाही.

बंद घरांची नोंद हा दुसरा भाग होता. बाहेरगावी जाणाऱ्याने समितीला आणि बीट हवालदारांना कळवायचे, शेजाऱ्याने संध्याकाळी अंगणातला दिवा लावायचा, दारात वर्तमानपत्र आणि दुधाची पिशवी साचू द्यायची नाही, सोने बँकेच्या लॉकरमध्ये आणि रोकड बँकेच्या खात्यात ठेवायची, आणि संशयास्पद काही दिसले तर गटावर संदेश टाकत न बसता थेट ११२ ला फोन करायचा. शेवटचा मुद्दा अनुभवातून आला. कानबाईच्या रात्री एका घरातल्या मुलाला मोकळ्या जागेत बॅटरीचा उजेड दिसला होता, त्याने मोबाइलच्या गटावर लिहिले, वीस जणांनी ते वाचले, आणि पोलिसांना कोणीच कळवले नाही.

रात्रगस्तीत गावठाणाची आणि वसाहतीची मुले एकत्र असावीत, असा आग्रह हवालदारांचा होता. एकाच बाजूची मुले हातात काठ्या घेऊन फिरली की गस्त कमी आणि दहशत जास्त होते, आणि अनोळखी गरीब माणसाला मारहाण होण्याचा धोका असतो. कोणालाही अडवायचे नाही, मारायचे तर मुळीच नाही, नाव विचारून पोलिसांना कळवायचे, एवढेच अधिकार गस्तीला आहेत हे सुरुवातीलाच लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ही गस्त सुरुवातीला जोमाने चालली आणि पुढे सणांपुरती उरली. त्यात आश्चर्य नाही. दिवसभर कामावर जाणारी माणसे वर्षभर रात्री जागू शकत नाहीत, आणि वसाहतीने तसा हिशोब धरूही नये. रोजची राखण ही वाटेवरच्या येण्या-जाण्यातूनच व्हायला हवी.

काय साधले, काय राहिले

पुढच्या आखाजीला वसाहतीत घरफोडी झाली नाही. एका वर्षावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही, आणि त्याच काळात पोलिसांनी महामार्गावरची एक टोळी पकडली होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते हे, की मागच्या गल्लीतल्या त्या ताई आता संध्याकाळी ओट्यावर बसतात आणि वाटेने जाणाऱ्या बाया त्यांच्याशी बोलत थांबतात. सोने मात्र परत मिळाले नाही.

मुलांचा महामार्गाचा वळसा सुटला, पण महामार्ग ओलांडण्याचा प्रश्न तसाच आहे. पोत ओढण्याची घटना जिथे घडली त्या कडेला अजून दिवा नाही, कारण ती जागा पालिकेची नाही, महामार्गाची आहे, आणि तिथला अर्ज वेगळ्या कार्यालयात आहे.

गुंठेवारीच्या भागातल्या दोन गल्ल्यांत दिवे लागलेले नाहीत. तिथे नियमितीकरणाचे शुल्क भरलेले नाही, त्यामुळे रस्ता कागदावर रस्ताच नाही. वसाहतीच्या वर्गणीत त्या घरांचा वाटा नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी समितीने पालिकेत भांडावे का, यावर शेवटच्या बैठकीत बरीच वादावादी झाली. माझे मत स्पष्ट होते : त्या गल्ल्यांतला अंधार आमच्या कंपाउंडपाशी संपत नाही, आणि तिथल्या मुली त्याच अंधारातून क्लासवरून परततात. दोन सदस्यांनी राजीनामे दिले. बाकीच्यांनी सह्या केल्या, आणि त्या दोन गल्ल्यांत तात्पुरते दिवे द्यावेत व शुल्क हप्त्यांनी भरू द्यावे असा अर्ज समितीच्या नावाने पालिकेत दाखल झाला आहे.